ध्वनिनिर्मिती आणि बालशिक्षण एकाच सत्रात: नव्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

डिजिटल ध्वनिनिर्मिती आणि बालशिक्षण हे दोन विषय एकत्र घेतलेत असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "यांचा एकमेकांशी संबंध काय?" मलाही पहिला महिनाभर तो दिसला नव्हता. मग एका सकाळी सरावाच्या वर्गात साडेतीन वर्षांच्या एका मुलीला मी चित्रातल्या पक्ष्याबद्दल विचारलं. ती गप्प राहिली, म्हणून मी लगेच दुसरा प्रश्न टाकला, मग तिसरा. वर्गातल्या ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि नुसतं "थांब" म्हणाल्या. काही सेकंद गेले, आणि मुलीने माझ्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याच संध्याकाळी स्टुडिओत मी एका मुलाखतीचं एडिटिंग करत होते आणि बोलण्यामधल्या सगळ्या मोकळ्या जागा पटापट कापत सुटले होते. तिथे माझा हात थांबला.

दोन्ही विषय ऐकण्याचे आहेत, आणि दोन्हींत नवखा माणूस शांततेला घाबरतो. हा लेख लिहिताना ते सतत माझ्या मनात आहे. हे विषय एकत्र घेणाऱ्यांसाठी, किंवा बालशिक्षण शिकताना मुलांसाठी ध्वनिकथा करण्याचा प्रकल्प अंगावर आलेल्यांसाठी, मी केलेल्या क्रमाने पायऱ्या लिहिते आहे.

पायरी १: सत्राच्या पहिल्या आठवड्यात वेळापत्रक जुळवा

दोन्ही अभ्यासक्रमपत्रिका शेजारी ठेवा आणि तीन गोष्टी एकाच कॅलेंडरवर उतरवा: सरावाचे तास, स्टुडिओची वेळ आणि जमा करायच्या तारखा. बालशिक्षणाचा सराव सकाळी असतो, कारण लहान मुलं सकाळी ताजी असतात. स्टुडिओ मिळतो तो बहुधा संध्याकाळी. दिवस दोन्ही टोकांनी ताणला जातो आणि थकलेल्या कानांनी मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकमेकांशी जुळवण्याचं काम, केलं जातं. वर्गातल्या गोंगाटात तीन तास काढल्यावर कानाला तीव्र आवाजाची सवय झालेली असते, त्यामुळे हेडफोनचा आवाज नकळत वाढवला जातो. सरावाच्या दिवशी रेकॉर्डिंग किंवा कापाकापी करावी, मिक्सिंग मात्र दुसऱ्या दिवशी सकाळसाठी ठेवावं. हा नियम मी पाळायला लागले तेव्हापासून माझी दुरुस्तीची कामं निम्म्यावर आली.

सरावासाठी लागणारी कागदपत्रं, म्हणजे आरोग्य तपासणी, चारित्र्य पडताळणी किंवा संस्थेचं परवानगीपत्र, पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. ती वेळेवर आली नाहीत तर सरावाचे तास मागे पडतात, आणि ते नंतर भरून काढणं फार कठीण जातं.

पायरी २: आकड्यांची भीती एकदाच घालवा

ध्वनिनिर्मितीच्या पहिल्या काही तासांत आकड्यांचा मारा होतो. त्यातले कामाचे थोडेच आहेत.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. माइक त्यांना विजेच्या रूपात आणतो आणि ऑडिओ इंटरफेस (माइक आणि संगणकामधलं उपकरण) ती वीज ठरावीक अंतराने मोजतो. सेकंदाला किती वेळा मोजलं, तो सॅम्पल रेट. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि जी सर्वांत वरची वारंवारता टिपायची तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजणी करावी लागते. म्हणून सीडीसाठी ४४,१०० आणि व्हिडिओच्या कामात ४८,००० हे आकडे रूढ झाले. प्रत्येक मोजणी किती बारीक, ते बिट डेप्थ सांगते. १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल मावतं, २४ बिटमध्ये गणिताने १४४.

व्यवहारात एवढंच लक्षात ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि एकट्या आवाजासाठी मोनो, म्हणजे एकच ध्वनिमार्ग. अशी एक मिनिटाची वेव्ह (आवाज जसाच्या तसा साठवणारी) फाइल सुमारे ८.६ मेगाबाइटची होते, म्हणजे तासाभराचं रेकॉर्डिंग अर्ध्या गिगाबाइटच्या आसपास. निघण्याआधी मेमरी कार्डात तेवढी जागा आहे ना, ते पाहून घ्या.

राहिली पातळी. डिजिटल मीटरवर ० ही शेवटची हद्द आहे. त्यावर गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्वीसारखा होत नाही. मोठ्या माणसाचं वाचन रेकॉर्ड करताना सर्वांत मोठे शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. लहान मुलं असतील तर आणखी खाली या, उणे १८ च्या आसपास. मूल कुजबुजत असताना पुढच्याच क्षणी किंचाळतं, आणि २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेला आवाज नंतर सहज वर आणता येतो.

पायरी ३: आधी खोली, मग माइक

नवखे विद्यार्थी माइकच्या मॉडेलवर तासन् तास बोलतात आणि खोलीकडे बघतही नाहीत. मी पहिलं वाचन रेकॉर्ड केलं ते मोठ्या काचेच्या खिडकीसमोर, रिकाम्या भिंतींच्या खोलीत. माइक चांगला होता, तरी आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटत होता. भिंतींवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की तो वेगळा काढणं जवळजवळ अशक्य असतं.

करायचं सोपं आहे. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे शेपूट ऐकू आलं तर ती खोली सोडा, किंवा तिच्यात जाड पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं आणा. कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे पाठ करून बसलात, तर तुमच्या मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज कपडे गिळतात, आणि तोच माइकमध्ये सर्वांत जास्त शिरत असतो. मग पंखा, ट्यूबलाइट, फ्रीज एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी हेडफोन लावून ऐका. फ्रीजची घरघर कानाला जाणवत नाही, माइकला मात्र जाणवते.

माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर, थोडा तिरका ठेवा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' यांचा फटका सरळ त्यावर बसणार नाही. पॉप फिल्टर (हा फटका अडवणारी जाळी) असेल तर उत्तम. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पण खोलीचा आवाज होता तेवढाच राहतो. म्हणून जवळ येणं हा सर्वांत स्वस्त उपाय. फार जवळ गेलं तर मात्र कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकवर खर्जाचा फुगवटा येतो आणि कथा सांगणारी आजी राक्षसासारखी वाटू लागते. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) चालू करायला विसरू नका. साध्या डायनॅमिक माइकला त्याची गरज नसते.

खोलीचा विचार बालशिक्षणातही पुन्हा भेटतो. वर्गखोल्यांच्या ध्वनिगुणासाठी असलेल्या अमेरिकी मानकात साधारण आकाराच्या रिकाम्या वर्गातली पार्श्वभूमीची गुणगुण ३५ डेसिबलपर्यंत आणि घुमण्याचा काळ ०.६ सेकंदापर्यंत असावा असं म्हटलं आहे. त्यामागचं कारण प्रत्येक बालशिक्षकाला माहीत असायला हवं. गोंगाटातून शब्द वेगळा काढायला लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त स्पष्ट आवाज लागतो. आपण अर्धवट ऐकलेलं वाक्य अनुभवाने पुरं करतो. चार वर्षांच्या मुलाकडे तो साठा अजून जमलेला नसतो. "लक्ष देत नाही" असा शेरा मिळालेल्या काही मुलांना खरं तर नीट ऐकूच येत नसतं. सरावाच्या वर्गातही एकदा टाळी वाजवून बघा.

पायरी ४: निरीक्षण लिहायला शिका

बालशिक्षणातलं हे सर्वांत कष्टाचं काम, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचंही. ताई तुम्हाला कोपऱ्यात बसवतात, हातात वही असते आणि एका मुलाकडे दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाहायचं असतं. पहिल्या दिवशी माझ्या वहीत हे वाक्य होतं: "आज तो खूप हट्टीपणा करत होता." ते परत आलं. बाजूला लाल शाईत एकच शब्द होता: "म्हणजे?"

त्याच प्रसंगाची दुसऱ्यांदा लिहिलेली नोंद अशी होती: "१०:१२. निळी गाडी हातात घेऊन उभा. ताई म्हणाल्या, 'आता ठेवू या.' गाडी पाठीमागे नेली, डोकं हलवलं. सुमारे ४ सेकंद. पेटीकडे गेला, गाडी ठेवली, झाकण लावलं. झाकण पुन्हा उघडून आत पाहिलं." यात हट्ट कुठेच नाही. एक मूल गाडीचा निरोप घेतंय आणि ती आत नीट आहे ना, याची खात्री करून घेतंय. माझं पहिलं वाक्य वाचून हे कोणालाच कळलं नसतं, मलाही नाही.

नोंदीचे प्रकार तुम्हाला शिकवले जातील. प्रसंगनोंद म्हणजे एखादी घटना घडून गेल्यावर लगेच लिहिलेला छोटा वृत्तान्त. सलग नोंद म्हणजे जे दिसेल ते त्याच क्षणी. वेळनमुना म्हणजे दर काही मिनिटांनी मूल काय करतंय याची खूण. एखाद्या विशिष्ट वागण्याची, समजा मारामारीची, प्रत्येक वेळ टिपायची ती घटनानमुना. सुरुवात सलग नोंदीने करा. हात दुखतो, पण डोळा तयार होतो.

खेळाचं वर्णन करताना संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मांडलेले टप्पे हाती असू द्या: इकडेतिकडे नुसतं रमणं, एकट्याने खेळणं, दुसऱ्याचा खेळ पाहत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, एकमेकांत मिसळत खेळणं आणि ठरवून मिळून खेळणं. टप्पे म्हटले तरी ही शिडी नव्हे. पाच वर्षांचं मूल एकटं बसून तासभर रचत असेल तर ते मागे पडलेलं नसतं.

ध्वनीच्या वर्गात हीच सवय कामाला येते. सहविद्यार्थ्याचं काम ऐकून "काहीतरी खटकतंय" असं म्हणण्याचा काहीच उपयोग नाही. "३ मिनिट १२ सेकंदांवर 'स' टोचतो, आणि त्यानंतर दोन शब्दांत पार्श्वभूमी अचानक बदलते" असं सांगितलं तर तो दुरुस्त करू शकतो. आधी काय ऐकू आलं ते वेळेसह, आणि अर्थ नंतर. दोन्ही विषयांसाठी मी एकच वही वापरते. डावीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे माझा विचार.

पायरी ५: मुलांचा आवाज टिपण्याआधी

इथे घाई करू नका. मुलाचा आवाज ही त्याची ओळख आहे. पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि पत्रात चार गोष्टी साध्या भाषेत लिहा: काय रेकॉर्ड करणार, कोण ऐकणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार. "शैक्षणिक उपयोगासाठी" एवढ्यावर भागवू नका, पालकांना त्यातून काही कळत नाही. संस्थेचे आणि महाविद्यालयाचे स्वतःचे नियम असतात, तेही पाळा.

पालक हो म्हणाले तरी मुलाला विचारायचंच. "हा माइक आहे, यात तुझा आवाज जातो. आत्ता बोलू या का?" मूल तोंड फिरवेल, हात मागे घेईल, दुसरीकडे जाईल. हे नकार आहेत, आणि ते मानायचे असतात. एकदा आवाज परत ऐकवून दाखवा. बहुतेक मुलं मग आपण होऊन येतात.

फाइलला मुलाचं नाव देऊ नका. "मूल_क_०३" असं काहीतरी ठेवा आणि खऱ्या नावांची यादी कागदावर, वेगळी, बंद जागी ठेवा. मुलं एकमेकांना नावाने हाक मारतात, ती रेकॉर्डिंगमध्ये येतात. वर्गात ऐकवायच्या प्रतीतून ती कापावी लागतात.

सुरक्षेचं थोडक्यात: केबल जमिनीवर लोंबती ठेवू नका, चपटे बटन-सेल मुलांच्या हाती लागतील असं काही नेऊ नका, आणि तीन वर्षांखालच्या मुलांजवळ माइकवरची स्पंजची टोपी काढून ठेवा. ती ओढून तुकडा तोंडात जायला क्षण पुरतो. रेकॉर्डर टेबलावर ठेवला तर पेटीतल्या प्रत्येक ठोकळ्याचा आघात त्यात उतरतो. घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा.

पायरी ६: ध्वनिकथेची संहिता

आता दोन्ही विषय एकत्र येतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चार-पाच मिनिटांची ध्वनिकथा, असा प्रकल्प बऱ्याचदा असतो. सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक गोष्ट जाणून घ्या.

२००३ मध्ये संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली. काही बाळांसमोर ती बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळत होती. काहींना त्याच माणसांचं चित्रमुद्रण दाखवलं, काहींना नुसता आवाज ऐकवला. प्रत्यक्ष माणसांबरोबर असलेल्या बाळांना त्या भाषेतला एक खास ध्वनिभेद ओळखता येऊ लागला. मुद्रणवाल्या दोन्ही गटांत शिकण्याची खूण दिसली नाही.

ती बाळं फार लहान होती, आणि चार वर्षांचं मूल नुसत्या गोष्टीतूनही शब्द उचलतं. तरी हा निकाल मी ध्वनिकथा करताना विसरत नाही. आपली फाइल मुलाच्या शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. मुलगा आणि आजी, मुलगी आणि बाबा, मुलं आणि ताई यांना एकमेकांशी बोलायला ती निमित्त देऊ शकते. संहिता त्या दोघांसाठी लिहा.

म्हणजे कसं? एक पात्र, एक अडचण, एक बदल. वाक्यं छोटी. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, म्हणून महत्त्वाचा शब्द दोनतीनदा वेगवेगळ्या वाक्यांत येऊ द्या. "तो म्हणाला, मग त्याने त्याला दिलं" यात कोण कोणाला, हे मुलाला कळत नाही. सर्वनामाऐवजी नावच घ्या. पुन्हा पुन्हा येणारी एक ओळ ठेवा, शक्यतो नादाची: "टुणुक टुणुक बेडूक, कुठे गेला बेडूक?" तिसऱ्या वेळेस मुलं ती तुमच्या आधी म्हणतात. मराठीत अशा नादशब्दांची खाण आहे: खळखळ, सळसळ, भुर्रकन, डुगडुग. पावसासाठी ध्वनिपरिणाम शोधण्याआधी 'रिमझिम' आणि 'धो धो' तोंडाने म्हणून बघा. मूल ते लगेच स्वतः करू शकतं, स्पीकरमधला पाऊस त्याला करता येत नाही.

आणि प्रश्न विचारला की थांबा. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली. ही शाळकरी मुलं होती. बालवाडीच्या मुलांसाठी मी पाच सेकंदांपर्यंत जाते. संहितेत हा थांबा, म्हणजे विराम, आकड्याने लिहा: "पेटीत काय असेल बरं? — थांबा, ५ —". नुसतं "थोडं थांबा" लिहिलं तर माइकसमोर ते एका श्वासात उरकतं.

पायरी ७: रेकॉर्डिंग आणि एडिटिंग

सॉफ्टवेअर महाविद्यालयात असेल ते शिका. घरी सरावाला ऑडॅसिटी पुरतं. ते फुकट आहे आणि २००० सालापासून लोक वापरत आले आहेत. तत्त्वं सगळीकडे तीच.

वाचायला बसण्याआधी कोमट पाणी प्या, हातातल्या बांगड्या-घड्याळ काढा आणि संहितेची पानं एकावर एक न ठेवता पसरून ठेवा. मग बोलण्याआधी त्या रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात आणि तो पुढे फार कामाला येतो. चूक झाली तर थांबू नका. एक टाळी वाजवा आणि वाक्य सुरुवातीपासून म्हणा. टाळी लहरींमध्ये टोकासारखी दिसते, कापायची जागा लगेच सापडते.

वाचताना समोर एक मूल बसलंय असं समजा, शंभर नव्हे. बाळांशी बोलताना आपण नकळत स्वर उंचावतो, सावकाश बोलतो, चढउतार वाढवतो, आणि बाळांना ते आवडतं. संशोधक अ‍ॅन फर्नाल्ड यांनी १९८५ मध्ये चार महिन्यांच्या बाळांवर केलेल्या अभ्यासात तेच दिसलं. पण पाच वर्षांच्या मुलाशी तसंच लाडीगोडीने बोललात तर ते कंटाळतं. वय ठरवून आवाज ठरवा.

एडिटिंगमध्ये आधी सगळ्या चुका काढा, मग श्वास बघा. सगळे श्वास कापू नका, श्वासच न घेणारा निवेदक यंत्रासारखा वाटतो. थांब्यांच्या जागी रूम टोन भरा. पूर्ण कोरी डिजिटल शांतता घातली तर शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला वाटतं की फाइल बंद पडली, आणि तो फोन हातात घेतो. माझ्या पहिल्या कथेत नेमकं हेच झालं. मुलाशेजारी बसलेल्या आजींनी प्रत्येक प्रश्नानंतर फाइल पुढे सरकवली. रूम टोन भरल्यावर आणि थांब्याच्या शेवटी अगदी हलकी चाहूल, जशी पेटीच्या झाकणाची किरकिर, घातल्यावर त्या थांबू लागल्या. रिकाम्या जागा आपोआप काढून टाकणारी सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, या प्रकल्पात तिला हात लावू नका.

मिक्सिंग थोडक्यात. मोठ्या माणसाच्या आवाजाला ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) लावला की जमिनीची धडधड जाते. लहान मुलांच्या आवाजाची मूळ वारंवारता वर असते, साधारण २५० ते ३०० हर्ट्झ, तिथे फिल्टर आणखी वर न्यायला हरकत नाही. 'स', 'श' टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात शोधा. कॉम्प्रेसर (मोठ्या-हळू आवाजातलं अंतर कमी करणारं साधन) हलका ठेवा. बोलण्याखाली संगीत शक्यतो नको. आधी सांगितलेली गोष्ट आठवा, गोंगाटातून शब्द वेगळा काढणं मुलांना जड जातं. संगीत सुरुवातीला आणि शेवटी पुरे, आणि मधल्या दोन प्रसंगांच्या सांध्यावर दोन-तीन सेकंद.

मग ही कथा फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐका. घरोघरी ती तिथेच वाजणार आहे. मी हत्तीच्या पावलांना केलेला खोल 'धप्प' स्टुडिओत छाती हलवत होता. फोनवर तो नाहीसाच झाला, कारण एवढासा स्पीकर खालचे स्वर काढू शकत नाही. शेवटी पुठ्ठ्याच्या खोक्यावर तळहात मारून दुसरा 'धप्प' केला, ज्यात मधले स्वर होते.

शेवटची ध्वनितीव्रता शिक्षक सांगतील त्याप्रमाणे ठेवा. पॉडकास्टसारख्या कामात स्टिरिओला उणे १६ आणि मोनोला उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) ही रूढ पातळी आहे, युरोपच्या प्रसारणात उणे २३. टोकं उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एखादा किंचाळणारा परिणाम बाकी कथेपेक्षा एकदम मोठा असेल तर तो खाली आणा, मूल हेडफोन लावून ऐकत असू शकतं. मुलांच्या हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तासांसाठी ७५ डेसिबल आहे, मोठ्यांसाठी ती ८० आहे.

पायरी ८: मुलांना ऐकवा, आणि पुन्हा वही उघडा

इथे बरेच जण कथा लावतात, मुलं हसली की खूश होतात आणि काम संपलं समजतात. तसं करू नका. तीन-चार मुलांच्या गटात, एक मोठं माणूस शेजारी बसवून, कथा लावा आणि तुम्ही कोपऱ्यात जाऊन सलग नोंद घ्या. मुलं कोणत्या सेकंदाला उठली, ओळ कोणी आधी म्हटली, प्रश्नानंतर मूल स्पीकरकडे वळलं की शेजारच्या माणसाकडे. मला ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची वाटते. मूल माणसाकडे वळलं तर तुमचा थांबा कामाला आला.

मुलं उठून गेली म्हणजे कथा फसली, असंही नाही. एकदा बेडूक उडी मारतो तिथे दोघं उठून उड्या मारू लागली आणि पुढची दीड मिनिटं कोणी ऐकलंच नाही. दुसऱ्या आवृत्तीत मी तिथे उड्यांसाठी दहा सेकंद ठेवले, मग हळूच "शूऽऽ" आणि पुढचं वाक्य. या वेळी ती परत येऊन बसली.

किमान दोन आवृत्त्या करा. गुण देणाऱ्यांना पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीतला फरक आणि त्यामागची नोंद दिसली पाहिजे.

पायरी ९: जमा करणं

मूळ वेव्ह, अंतिम वेव्ह आणि ऐकण्यासाठी एमपीथ्री अशा तीन फायली द्या. एमपीथ्री जागा वाचवण्यासाठी आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतं, म्हणून दुरुस्ती नेहमी वेव्हवर करायची. संहिता, परवानगीपत्रांचा कोरा नमुना आणि नावं काढलेल्या निरीक्षण नोंदी सोबत जोडा. चिंतनटिपणात "मला खूप शिकायला मिळालं" लिहू नका. एक निर्णय घ्या, तो का बदलला ते सांगा, आणि कोणत्या मुलाच्या कोणत्या कृतीमुळे, तेही.

कामाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर आणि एक दुसऱ्या जागी. आणि पालकांना दिलेली पुसण्याची तारीख आजच कॅलेंडरवर घाला. त्या दिवशी मुलांच्या आवाजाच्या मूळ फायली तिन्ही ठिकाणांहून पुसा, आणि ताईंना तसं कळवा.